खापरदरीकरांनी बोडखा डोंगर अकरा वर्षांनी फोडिला त्याची हकीकत

श्रीगजानन आणि ग्रामदैवत खंडोबा यांस साष्टांग दंडवत करून, आणि तमाम कचेऱ्यांतील लहानथोर टेबलांस दुरूनच मुजरा करून, मौजे खापरदरी, परगणे धारूर, जिल्हा बीड येथील निवृत्त शाळामास्तर रामहरी हे सादर करितात ऐसे जे : शके १९३६ जय नाम संवत्सरापासून शके १९४७ विश्वावसु नाम संवत्सरापर्यंत राजेश्री सुंदरराव आबा यांनी बोडख्या डोंगरावर खदान काढण्याची जी मोहीम चालविली, ती लोकांच्या तोंडी चहाच्या कपागणिक बदलत चालली, आणि कोणी सात वर्षे म्हणे, कोणी पंधरा म्हणे, आणि खुद्द आबासाहेब पाहुण्यांस सांगताना मधले पराभव गाळून सांगू लागले. सबब त्यांचे कुटुंब गीताबाईसाहेब यांनी मास्तरांस ओट्यावर बोलावून हुकूम केला की, “मास्तर, तुमी लिहा. आमच्या ह्यांची तारीफ थोडी करा, पन जे घडलं ते समदं लिहा.” हुकूम झाला त्याप्रमाणे लिहिले आहे.

इंग्रजी सन २०१४, ज्येष्ठ मास. आबासाहेबांचे मिळकतीत बोडखा डोंगर म्हणून एक टेकाड होते. त्याजवर गवत उगवण्यास लाजे, आणि शेळी चढली तरी उपाशीच उतरे. त्याचे पायथ्याशी गोठ्यास खांब रोवावयाचा म्हणून सटवाजी पाथरवट यांस खड्डा घेण्यास बोलाविले. हे सटवाजी पाषाणविद्येत निष्णात, वय त्या समयी पन्नास, बापजाद्यांपासून दगड फोडणे हाच पेशा. त्यांनी पहार मारिली ती उलटून आली, मग घण मारिला तो वाजला, आणि वाजला तो ऐसा की गोठ्यातील म्हशीने मान वळवून पाहिले. मग सटवाजींनी आणखी चार ठिकाणी ठोकून, कान लावून, अर्ज केला की, “मालक, ह्यो दगड न्हाई, घंटा हाय. आशी खडी धा कोसांत न्हाई घावायची. हिथं खदान निघाली तर आमाला पुन्याकडं जायाचं कामच न्हाई.”

या अर्जाचे मर्म ऐसे की, सारा मुलूख दगडाचा, परंतु दगड फोडणारे मात्र दरसाल दसरा होताच चौदा घरांचा बारदाना टेंपोत भरून पुण्याकडील खदानींवर जात, आणि आठ महिने पत्र्याखाली काढून मृगापूर्वी परतत. सटवाजींची बायको सुभद्राबाई हिने लग्न झाल्यापासून आपल्या घरात हिवाळा म्हणून पाहिला नव्हता.

आबासाहेबांचे चित्त तत्काळ पेटले आणि त्यांनी गोठ्यातच फर्मान काढिले : “सटवा, येत्या दिवाळीला खदान चालू. औंदा जाऊ नगस. माझा शब्द हाय.” दिवाळी कोणत्या सालची, हे आबासाहेबांनी सांगितले नाही आणि कोणी विचारिलेही नाही. या मोहिमेतील ही पहिली चूक होय.

सटवाजी शब्दावर थांबले. तेरा घरे गेली, एक राहिले. दिवाळी आली आणि गेली, आबासाहेबांचा अर्ज तेव्हा पहिल्या कचेरीच्या पहिल्या टेबलावर होता. मग पौषात सटवाजी सुभद्राबाईस घेऊन मागाहून निघाले, आणि उशिरा गेल्यामुळे खदानीतील वाऱ्याखालची जागा वाट्यास आली, जेथे सगळ्यांचा धुरळा एकाच्या तोंडावर येतो. त्या मोसमात आबासाहेब सटवाजींच्या गल्लीतून जाणे टाळीत आणि फेरा घालून देवळास जात. हे त्यांनी मास्तरांस सांगितले नाही. गीताबाईंनी सांगितले.

आता मोहिमेचे वर्णन. कचेऱ्यांची नावे येथे लिहिली नाहीत, कारण बखरकारास त्यांपैकी कित्येकांत अद्याप कामे आहेत.

मन्मथ नाम संवत्सरी अर्जाची आणि टेबलाची ऐसी प्रीती जडली की दोघे एकमेकांस सोडीनात. दुर्मुख नाम संवत्सरी मोजणीचा सरदार तिपाई, दुर्बीण आणि छत्री ऐशा सरंजामानिशी आला. त्याचे तोंड संवत्सरास शोभेल ऐसे होते. त्याने दोन दिवस डोंगर मोजिला, नकाशा काढिला, हद्दीचा दगड रोविला, आणि मग उमगले की मोजिला तो डोंगर आबासाहेबांचा नसून चुलत भाऊबंद मोहनराव यांचा होय, आणि दगड रोविला तो मोहनरावांच्या सीताफळांच्या बागेत, ऐन मधोमध. मोहनराव तोवर या मोहिमेविषयी उदासीन होते. त्या दगडाने त्यांस शत्रुपक्षात नेऊन बसविले. त्यांनी हरकतीचा खलिता धाडिला की खदानीच्या धुरळ्याने बाग बुडेल आणि सुरुंगाने विहीर फुटेल, सबब परवाना देऊ नये. खलित्यावर सुनावणी नेमिली गेली, आणि सुनावणीची तारीख पुढे जाण्यात इतकी पटाईत निघाली की तीन वर्षे कोणाच्या हाती लागली नाही.

हेमलंबी गेले आणि विलंबी नाम संवत्सर लागले. पंचांगकर्त्यांस पुढचे दिसते, याची खापरदरीस त्या साली खात्री पटली. पर्यावरणाच्या छापील अर्जात एक रकाना होता : खाणीपासून समुद्रकिनारा किती अंतरावर आहे? आबासाहेबांनी तो कोरा सोडिला होता, कारण त्यांस वाटले की हा रकाना रत्नागिरीकरांसाठी असावा. अर्ज परत आला. मग त्यांनी ‘सुमारे शंभर कोस’ ऐसे लिहून धाडिले, तो उलट हुकूम आला की यास पुरावा जोडावा. आबासाहेब कचेरीत उभे राहून वदते जाहले की, “सायेब, समुद्र शंभर कोस लांब हाय. तुमी कागदावर त्याला माझ्या बांधावर आणून बसीवलाय.” टेबलाने शांतपणे फर्माविले की, समुद्र नसल्याचा स्थळ-पंचनामा आणावा.

तेव्हा वैशाखातील टळटळीत दुपारी गावकामगार तलाठी आणि पाच पंच बोडख्या डोंगरावर चढले. पंचांत सटवाजीही होते, नुकतेच पुण्याकडून परतलेले. पंचांनी पूर्वेस पाहिले, समुद्र नाही. दक्षिणेस पाहिले, समुद्र नाही. पश्चिमेस पाहिले, तो सटवाजी, ज्यांस दगड ऐकू येई परंतु दूरचे अंमळ धूसर दिसे, बोलून गेले की, “तिकडं कायतरी निळं दिसतंय की.” तलाठ्याची लेखणी थांबली. पंच एकमेकांकडे पाहू लागले. आबासाहेब म्हणाले, “आरं, ती मोहनरावाच्या कडब्यावरची ताडपत्री हाय!” परंतु तलाठी कागदाचा माणूस, तो म्हणाला की एकदा निळे दिसले ऐसे पंचाच्या तोंडून निघाले, आता जवळ जाऊन खातरजमा केल्याखेरीज सही होणार नाही. मग सारी फौज डोंगर उतरून मोहनरावांच्या कडब्याच्या गंजीपर्यंत कूच करती जाहली, आणि तलाठ्याने ताडपत्रीस हात लावून पाहिला, आणि मोहनराव हातात लोटा घेऊन हा प्रकार पाहत राहिले, आणि त्यांनी विचारिले की काय चाललंय, तर कोणासच सांगण्याचे धैर्य झाले नाही. पंचनाम्यात नोंद झाली : निळे दिसले ते प्लास्टिक असून समुद्र नव्हे. हा दाखला गीताबाईंपाशी आजही जपून ठेविला आहे.

विकारी संवत्सराच्या अखेरीस महामारी आली आणि शार्वरी लागले. कचेऱ्यांस कुलुपे पडली. चौदा घरे खदानींवरून पायी निघाली आणि आठव्या दिवशी वेशीवर येऊन उभी राहिली, त्यांत सटवाजींचा उजवा गुडघा जो सुजला तो पुन्हा पूर्ववत झाला नाही.

त्याच आषाढात विलायतेहून वार्ता आली. आबासाहेबांची एकुलती कन्या संस्कृती ही खाणशास्त्र शिकून ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी एका खाणीच्या कंपनीत चाकरीस होती. फोनवर बापाचा उतरलेला चेहरा पाहून ती म्हणाली, “आबा, सहा वर्षांचं काय घेऊन बसलात? जगात एक खाण सापडल्यापासून पहिला माल निघेपर्यंत सरासरी पंधरा-सोळा वर्षं धरतात. एखाद्या देशात दहा-बारांत होतं. अमेरिकेत तर तीसच्या आसपास जातात.”

“तीस?” आबासाहेब खाटेवर उठून बसले.

“पण आबा, त्या तांब्या-सोन्याच्या मोठ्या खाणी. आपला खडीचा डोंगर...”

हा भेद आबासाहेबांच्या कानी पडण्यापूर्वीच ते पायांत वहाणा सरकवून बाहेर पडले होते. पारासमोर चहाची टपरी आहे, तिच्या फळीवर त्यांनी खडूने लिहविले : ‘अमेरिका : ३०. जग : १६. खापरदरी : ६, चालू.’ आणि काय सांगावे, जे गाव सहा वर्षे आबासाहेबांस पाहून तोंडात रुमाल कोंबीत होते, तेच छाती काढून चालू लागले. घाटनांदुराहून आलेल्या व्याह्यांस फळी दाखविण्यात येऊ लागली. अमेरिकेस मागे टाकणे हे जणू ठरलेलेच, ऐसे लोक बोलू लागले, आणि मग एका चतुर पुरुषाने हिशेब मांडिला की अमेरिकेच्या आत राहावयास अजून चोवीस वर्षे हातात आहेत, तेव्हा घाई कसली? हा विचार सर्वांस मानवला. आबासाहेबांसही मानवला. ते कचेरीस जाईनासे झाले. सकाळी टपरीवर बसावे, फळी वाचावी, चहा घ्यावा, घरी यावे. गीताबाईंनी एकदोनदा टोकिले, तर म्हणाले, “अगं, जगात कुठंबी एवढा टाइम लागतोच.”

मग दसरा झाला. महामारी ओसरू लागली होती आणि पुण्याकडील खदानी पुन्हा सुरू झाल्या होत्या. टेंपो पारापाशी उभा राहिला, चौदा घरांची भांडी, पत्रे, गोधड्या चढू लागल्या. सटवाजी काठी टेकीत टपरीपाशी निरोप घेण्यास आले. त्यांस लिहिता-वाचता येत नसे. त्यांनी विचारिले की फळीवर काय लिहिले आहे. आबासाहेबांनी मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले.

सटवाजी म्हणाले, “मालक, त्या अमेरिकेत बी कुनीतरी सटवा आसंलच की. त्यो तीस वर्सं काय खातो?”

टोमणा मारावा ऐसा त्यांचा सूर नव्हता. त्यांस खरोखर जाणावयाचे होते. टेंपोने भोंगा दिला, सुभद्राबाईंनी वरून हात दिला, दोघा जणांनी खालून उचलून धरिले, आणि सटवाजी चढले. धुरळा बसल्यावर आबासाहेब उठले आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने फळी पुसली. अमेरिका पुसली, जग पुसले, आणि शेवटी खापरदरी पुसली. घरी जाऊन ते जेवले नाहीत. गीताबाईंनी ताट झाकून ठेविले आणि सांगितले की, “उद्यापासनं मी बी येते.”

येथून मोहिमेचे सेनापतिपद पालटले.

प्लव नाम संवत्सरी गीताबाईसाहेबांनी सर्वप्रथम कचेरीवर न जाता मोहनरावांच्या बागेवर चाल केली. सोबत फौज नाही, वकील नाही, एक धपाट्यांचा डबा. मोहनराव झाडाखाली बसले होते. बाईंनी डबा पुढे ठेविला आणि सरळ विचारिले, “भावजी, खरं सांगा. तुमाला भ्या कशाचं हाय?”

मोहनरावांनी प्रथम धुरळ्याचे नाव घेतले, मग विहिरीचे घेतले, मग एक धपाटे संपवून खाली पाहत म्हणाले, “वहिनी, धुरळ्याचं बघता येईल. पन माझ्या बागंत दगड रोवला, माझ्या गंजीला हात लावून गेले, आन कावून ते मला कुनी सांगितलं न्हाई. पाच वर्सं झाली. मला कुनी इचारलंच न्हाई, ह्याचं दुखतंय.”

गीताबाईंनी ते कबूल केले. नवऱ्याच्या वतीने चूक पदरी घेतली, आणि मृगात सटवाजी परतताच त्यांस बोलावून बागेकडील अंगाचा दगड पारखावयास लाविले. सटवाजींनी दगडाच्या शिरा पाहून सांगितले की डोंगर पश्चिमेकडून उघडावा आणि बागेच्या बाजूस सुरुंग न लाविता हातपाचरांनी फोडावा, म्हणजे विहिरीस धक्का लागणार नाही. मग उभयपक्षी तह झाला. कलमे तीन : हद्दीचा दगड उपटावा, खदानीत रोज पाणी शिंपडावे, आणि पहिला सुरुंग मोहनरावांस विचारल्याशिवाय उडवू नये. पुढील ग्रामसभेत खदानीचा ठराव आला तेव्हा हरकतदार मोहनराव यांनीच हात वर केला, तो पाहून विरोधास बसलेल्यांचे हात आपोआप वर गेले.

तरी कचेऱ्या उरल्याच होत्या. शुभकृत गेले, शोभकृत गेले, क्रोधी आले. गीताबाईंनी मंगळवार नेमिला. दर मंगळवारी त्या कचेरीतील बाकावर लसूण निवडीत बसत, कोणाशी भांडत नसत, आणि कोणी विचारिले तर एवढेच सांगत की, “आमच्या कागदाची वाट बघतेय.” लसणाच्या वासाने टेबले हळूहळू सरकू लागली. कागद एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून वरच्या मजल्यावर, तेथून मोठ्या शहरी गेला. दरम्यान दर दसऱ्यास टेंपो येत होता आणि जात होता, आणि सटवाजींस वर चढविण्यास दोघांच्या जागी तिघे लागू लागले.

विश्वावसु संवत्सराच्या ज्येष्ठात, एका मंगळवारी, नव्याने बदलून आलेल्या एका कारकुनीणबाईंनी सहज संगणकात पाहिले आणि म्हणाल्या, “मावशी, तुमचा हुकूम तर फेब्रुवारीतच निघालाय. मेलवर पाठवलाय.”

गीताबाईंच्या हातातील लसूण खाली पडला. हुकूम चार महिने मेलवर पडून होता, आणि खापरदरीत कोणास मेल म्हणजे टपाल की गाडी हेही धड ठाऊक नव्हते. शोध घेता निघाले की आरंभी, जय संवत्सरी, मांजरसुंब्याच्या चौकात ऑनलाइन कामे करणारे गुफरानमियाँ यांनी आबासाहेबांचे नावे ते खाते उघडिले होते, आणि परवलीचा शब्द आबासाहेबांनी स्वतः गुपचूप टाकिला होता. तत्काळ उभयता मांजरसुंब्यास रवाना झाले. गुफरानमियाँनी खाते पुढे आणिले आणि परवलीचा शब्द विचारिला. आबासाहेब कानापर्यंत लाल झाले. बऱ्याच मिनतवारीने बोलले की, “बायकोचं नाव हाय, आन फुडं लग्नाचं साल.”

गीताबाईंनी पदर सावरला. अकरा वर्षांत आपल्या नावामागे हे घडले होते, याची त्यांस गंधवार्ता नव्हती. त्यांनी प्रसन्न होऊन साल सांगितले : सत्त्याऐंशी. गुफरानमियाँनी टाकिले. दरवाजा उघडला नाही. पुन्हा टाकिले. उघडला नाही.

“काकू, साल चुकतंय,” गुफरानमियाँ हळूच म्हणाले, “आता एकच मौका हाय, नंतर खातं बंद.”

“माझं लगीन मला म्हाईत न्हाई का?” गीताबाई म्हणाल्या. मग त्यांनी सावकाश वळून आबासाहेबांकडे पाहिले, आणि विचारिले, “अवो, तुमी कोनतं साल टाकलंतं?”

आबासाहेब कचेऱ्यांपुढे कधी डगमगले नव्हते, ते येथे डगमगले. “अठ्ठ्याऐंशी,” ते म्हणाले. दरवाजा उघडला. परवाना आत होता, शिक्क्यासहित. त्या विजयाचा आनंद आबासाहेबांस परतीच्या वाटेवर, धारूरचा घाट चढेपर्यंत, एक शब्दही बोलून व्यक्त करिता आला नाही.

आश्विन शुद्ध पंचमी, दसऱ्यास पाच दिवस उरले असता, पहिल्या सुरुंगाचा मुहूर्त ठरला. मांजरसुंब्याचे रहीम मिस्त्री ट्रॅक्टरवरील कंप्रेसर घेऊन आदल्या दिवशीच तळ देऊन बसले होते. सटवाजींनी खुर्चीत बसून काठीने खुणा केल्या आणि रहीम मिस्त्रींनी त्या खुणांवर भोके पाडिली. परवानेवाल्या सुरुंगकाराने दारू भरिली, तांबडी निशाणे लाविली, गाव दूर नेऊन उभे केले, आणि मग कोणासतरी आठवले की मोहनरावांस विचारावयाचे राहिले. मोहनराव धारूरच्या बाजारी सीताफळे घेऊन गेलेले. तमाम फौज दोन तास उन्हात तिष्ठत राहिली. मोहनराव आले, सावकाश हातपाय धुतले, डोंगरास एक फेरी मारिली, आणि सर्वांसमक्ष फर्माविले : “उडवा.”

लोकांनी कान झाकिले, तो आवाज झाला तो जड पोते टाकिल्यासारखा, आणि डोंगराची एक कड हलकेच खाली बसली. एवढेच? ऐसे काहींच्या तोंडून निघाले. धूळ निवळल्यावर सटवाजी काठी टेकीत पुढे गेले, एका शिळेस घणाचे टोक लाविले, ठोकिले, कान दिला, दुसरीस ठोकिले, तिसरीस ठोकिले, आणि थांबेचनात. शेवटी रहीम मिस्त्री, त्यांचे जुने दोस्त, ओरडले, “आरं बस की बे सटवा, काय गानं वाजीवतो का?” सटवाजी तरी आणखी दोन ठोकून मगच बसले.

वार्ता पर्थ शहरी गेली. तेथे संस्कृतीने कचेरीत पेढ्यांऐवजी केक वाटिला, तेव्हा तिच्या साहेबांनी विचारिले की अकरा वर्षांत खाण, ऐसा वेगवान देश कोणता, आणि खाण केवढी? तिने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले.

येणेप्रमाणे बोडखा डोंगर फत्ते जाहला. मोहीम चालली अकरा वर्षे चार महिने. अमेरिका हरली की नाही याचा निवाडा विद्वानांनी करावा, खापरदरीत तो विषय आता कोणी काढीत नाही. सटवाजी पाथरवट खदानीचे मुकादम नेमिले गेले, दगड दुसरे फोडितात आणि ते खुर्चीत बसून पारखतात. दसऱ्यास चौदा घरांपैकी एकही हलले नाही. सुरुंग उडाला त्याच सायंकाळी सुभद्राबाईंनी दाराशी आळे करून घेवड्याचे चार दाणे लाविले, जे आजवर कधी लाविले नव्हते, कारण शेंग धरे तेव्हा खावयास कोणी नसे. पौषात वेल छपरावर गेला. पहिली तोड झाली ती तीन वाट्यांत गेली, एक गीताबाईंकडे, एक मोहनरावांकडे, आणि तिसरी सुभद्राबाईंनी स्वतःच्या चुलीवर, आपल्या घरात, थंडीच्या दिवसांत शिजविली. शेंगा किंचित निबर होत्या. त्यांनी सर्व संपविल्या.